बँकॉकचा शेवटचा दिवस: कालव्याने जा, नदीने या

स्वस्तात फिरायला पहिल्यांदाच निघालेल्यांचा शेवटचा दिवस बहुतेक वेळा फुकट जातो. विमान रात्री अकराचं आणि हॉस्टेल सकाळी अकराला सोडायचं, म्हणजे मधले बारा तास पाठीवर सॅक. मग कुणी मॉलमध्ये जाऊन बसतं, कुणी दुपारी तीनलाच विमानतळ गाठतं. माझ्या पहिल्या परदेश प्रवासात मी हेच केलं होतं आणि त्याची हळहळ अजून आहे. म्हणून बँकॉकला आधी शेवटचा दिवस ठरवला, बाकीचे दिवस नंतर.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच्या रात्रीची आहे. माझं आधीचं हॉस्टेल खाओ सानजवळ, जुन्या शहरात होतं. खाओ सानच्या जवळ मेट्रो नाही आणि संध्याकाळी रस्ते तुंबतात. सॅक घ्यायला परत तिथे जायचं आणि मग विमानतळ, यात दोन-तीन तास सहज जातात. म्हणून शेवटची एक रात्र फया थाई स्टेशनजवळच्या साध्या डॉर्ममध्ये काढली. विमानतळाची रेल्वे तिथूनच सुटते: तिकीट ४५ बाट, वेळ अर्ध्या तासापेक्षा कमी. खोली घेतानाच दोन प्रश्न विचारून घ्या. सोडल्यावर सॅक ठेवता येईल का? आणि संध्याकाळी येऊन अंघोळ करता येईल का? दुसरा प्रश्न विचारायला लाजू नका. दिवसभर घामात भिजलेल्या कपड्यांनी विमानात बसलं की त्याचं मोल कळतं.

सकाळी खिशात नऊशे बाट होते. रेल्वेचे ४५ आणि अडीअडचणीचे शंभर पासपोर्टच्या पाऊचमध्ये वेगळे ठेवले आणि ते नाहीतच असं समजून निघाले.

सातला हुआ चांग धक्का. हुआ चांग म्हणजे हत्तीचं डोकं, कारण तिथल्या पुलावर हत्तींची डोकी कोरलेली आहेत. खालून सेन सेप कालवा वाहतो. थायलंडचा राजा तिसरा राम याच्या काळात, १८३७ ते १८४० मध्ये तो खणला, आणि आज त्यातून लांबलचक बोटी लोकलसारख्या धावतात. सारखेपणा नुसता गर्दीचा नाही. बोट धक्क्याला टेकते न टेकते तोच लोक उड्या टाकतात आणि ती सुटते. दोर पकडा, पाय टाका आणि आत सरका. पाणी काळं आणि वासाचं आहे. कडेच्या माणसाच्या हाताशी एक दोरी असते. समोरून दुसरी बोट आली की ती ओढून प्लॅस्टिकचा पडदा वर घ्यायचा. मी कडेला बसले होते. शेजारच्या आजींनी न बोलता माझा हात धरून दोरीवर ठेवला. पुढे तीन वेळा पडदा मी ओढला. तिकीट अंतराप्रमाणे, दहा-वीस बाटच्या आत-बाहेर.

शेवटचा धक्का फान फा. तिथून सोनेरी टेकडीवरच्या देवळाचा कळस दिसतो, पण चढायचा मोह आवरला आणि बामरुंग म्युआंग रस्ता धरला. या रस्त्यावर बुद्धमूर्तींची दुकानं आहेत. माणसाहून उंच मूर्ती फुटपाथवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बसवलेल्या असतात. मूर्ती घ्यायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा: बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायला तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो. शेवटच्या दिवशी तो मिळवणं होत नाही.

रस्त्याच्या टोकाला साओ चिंग चा, लाल रंगाचा प्रचंड झोपाळा. नुसती चौकट. ब्राह्मणांच्या उत्सवात यावर खरोखर झोके घेत, ते १९३५ मध्ये बंद झालं. त्याच्या समोरच्या बाजूला थेवसथान आहे. दोनदा म्हणून बघा: देवस्थान! पहिल्या रामाने १७८४ मध्ये बांधलेल्या या आवारात शिव, गणपती आणि विष्णू यांची तीन देवळं आहेत. राजदरबाराचे ब्राह्मण पुरोहित इथलेच. नांगरणीचा राजसोहळा अजूनही त्यांच्या हातून होतो. थाई लोक गणपतीला ‘फ्रा फिखनेत’ म्हणतात, म्हणजे आपला विघ्नेश. एक मुलगी गणपतीपुढे डोळे मिटून बसली होती. मी तिच्यामागे बसले आणि अथर्वशीर्ष पुटपुटले. परगावी आहोत असं वाटलं नाही. मार्गदर्शिका या जागेला दोन ओळी देतात. मराठी माणसाने इथे तासभर द्यावा.

दक्षिणेला पंधरा मिनिटं चाललं की फाहुरात, म्हणजे भारतीय कापडबाजार. तिथल्या गुरुद्वाऱ्याचा सोनेरी घुमट लांबून दिसतो. डोक्यावर ओढणी घेतली आणि पंगतीत बसून लंगरची डाळ-रोटी खाल्ली. जेवून झाल्यावर भांडी घासायला हात लावा, कुणी नको म्हणत नाही.

शाकाहाराचा विषय निघालाच आहे तर, पिवळ्या फलकावर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेलं शोधा. ते थाई अक्षर दुरून इंग्रजी 17 आकड्यासारखं दिसतं. ‘जे’ जेवणात मांस-मासे-अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही, म्हणजे आपल्या जैन थाळीच्या जवळचं. फलक नसलेल्या गाडीवर नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही, कारण माशाचा रस सगळ्यात पडतो. ‘मै साय नाम प्ला’, म्हणजे ‘माशाचा रस घालू नका’, हे वाक्य पाठ करा. बाईने शेवटी ‘खा’ म्हणायचं, पुरुषाने ‘ख्रप’.

फाहुरातपासून पाक ख्लोंग तलात, फुलांचा घाऊक बाजार. झेंडूचे ढीग, बर्फावर ठेवलेली कमळं, आणि बायका मोगऱ्याच्या कळ्या ओवत बसलेल्या. माळेला थाईत ‘मालै’ म्हणतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सांगलीची मंडई डोळ्यांपुढे आली. वीस बाटची एक मालै घेतली.

दिवसभरात तिकीट एकाच ठिकाणचं काढायचं, असं ठरवलं होतं. राजवाडा पहिल्याच आठवड्यात बघितला होता. (तेव्हा फाटकाबाहेर एका भल्या दिसणाऱ्या माणसाने ‘आज बंद आहे’ सांगून स्वस्त टुकटुकमध्ये बसवलं आणि मी थेट रत्नांच्या दुकानात पोहोचले. असं कुणी सांगितलं की ऐकू नका, फाटकापर्यंत जा.) आज वाट फो (थाईत ‘वाट’ म्हणजे देऊळ), ३०० बाट. निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. पण माझे पाय अडले ते त्याच्या तळव्यांपाशी: शिंपल्यांच्या जडावात १०८ मंगलचिन्हं. मागच्या भिंतीला १०८ पितळी भांड्यांची ओळ आहे. वीस बाटला वाटीभर सुटी नाणी मिळतात, ती एकेक टाकत जायचं. माझी उरलेली नाणीही त्यात टाकली. नाणी मायदेशी कुणी बदलून देत नाही, तेव्हा ती अशीच संपवावीत. मालै तिथेच वाहिली.

भर दुपार वाट फोच्या ओवऱ्यांत काढली. मग समोरच्या था तिएन धक्क्यावरून पाच बाटच्या तरीने नदीपार जाऊन आले. वाट अरुणचं तिकीट काढलं नाही. फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेला तो मनोरा नदीतून बघितला आणि मन भरलं.

परतीला केशरी झेंड्याची बोट, कुठेही उतरा १६ बाट. पर्यटकांची निळ्या झेंड्याची बोट महाग आहे आणि धक्क्यावर तीच आधी दाखवतात, त्यामुळे झेंडा बघूनच चढा. वाहक तिकिटांची पत्र्याची नळी खुळखुळवत येते, मागे उभा पोऱ्या शिट्ट्यांनी सारंग्याला धक्का सांगतो. भिक्खूंसाठी राखलेली जागा असते, तिथे आपण उभं राहायचं नाही.

साथोर्नला उतरले, धक्क्याजवळ भात खाल्ला आणि स्कायट्रेनचा जिना चढले. सहा वाजले. भोंग्यावर राष्ट्रगीत लागलं आणि सगळं स्टेशन जागच्या जागी थांबलं. तुम्हीही थांबा. संपलं की गर्दी पुन्हा धावते.

फया थाईला सॅक, अंघोळ, पॉवरबँक हातातल्या पिशवीत, आणि आठच्या आत सुवर्णभूमी विमानतळ. पाऊचमधले शंभर तसेच होते. पासपोर्ट तपासणीनंतर आत समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे: मंदार पर्वत, माथ्यावर विष्णू, दोन्ही बाजूंनी वासुकी ओढणारे देव आणि दानव. फोटो आईला पाठवला.

लगेच उत्तर आलं, “अगं, कासव कुठंय?”

सॅक खांद्यावर टाकली आणि वाकून बघायला पर्वताच्या पायथ्याशी गेले.