दिवाळीनंतर कॅलेडियमची कुंडी रिकामी करू नका

आमच्याकडे याला रंगीत अळू म्हणतात. ठाण्याच्या आमच्या पूर्वेकडच्या गॅलरीत पाच कुंड्या आहेत. पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास पानं पिवळी पडली, देठ लोळले आणि महिन्याभरात कुंडीत नुसती माती उरली. झाड गेलं समजून मी ती माती इमारतीमागच्या पेरूखाली ओतली. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले आणि पेरूखाली गुलाबी शिरांचं पान उभं! तेव्हा कळलं, हे कंदाचं झाड आहे. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. तिथल्या कोरड्या ऋतूतही ते असंच पानं गाळून झोपतं.

म्हणून पानं पिवळी व्हायला लागली की पाणी हळूहळू कमी करा, शेवटचं पान सुकलं की बंद. झोपलेल्या कंदाला पाणी मिळालं तर तो सडतो; दाबला की मऊ लागतो, वास येतो. मी कुंड्या ओट्याखाली आडव्या ठेवते, म्हणजे कुणी चुकून पाणी घालत नाही. कंद काढायचे असतील तर दोन-तीन दिवस सावलीत सुकवून कोरड्या वाळूत ठेवा. फ्रिजमध्ये नको, थंडी त्यांना अजिबात सोसत नाही.

मेअखेरीस लावणी. 8 इंची कुंडी, दोन भाग माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड. कंद डोळे वर करून 2 इंच खोल. कोंब दिसेपर्यंत माती फक्त ओलसर ठेवा.

उजेड भरपूर, पण दुपारचं ऊन नको. पांढऱ्या पानांचा प्रकार तर कागदासारखा करपतो. अंधारात देठ लांबून झाड आडवं होतं. पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचा. फुलाचा दांडा आला तर खुडा, कंदाची ताकद वाचते.

आणि हे अळू खायचं नाही, शिजवूनही नाही. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. तोंड आणि घसा सुजतो. लहान मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावरच ठेवा.

नवं पान सुरळी होऊन येतं. ती हाताने उलगडू नका, फाटते. दोन-तीन दिवसांत आपोआप उघडते.