डॉकिंग स्टेशन वापरताना या चुका टाळा

लॅपटॉपला एकच केबल जोडली की मॉनिटर, कीबोर्ड, माउस, इंटरनेट आणि चार्जिंग हे सगळे एकदम सुरू व्हावे, या अपेक्षेने डॉकिंग स्टेशन घेतले जाते. प्रत्यक्षात अनेकदा एक मॉनिटर सुरू होतो आणि दुसरा काळाच राहतो, चार्जिंगचे चिन्ह दिसत असूनही बॅटरी उतरत जाते, किंवा माउसचा बाण अडखळत चालतो. मग डॉक खराब निघाला असे समजून तो परत केला जातो आणि त्याच्या जागी आलेला नवा डॉकही तसाच वागतो. याचे कारण असे की यांतील बहुतेक तक्रारींचे मूळ डॉकमध्ये नसतेच. डॉकला काय जमेल हे आधी लॅपटॉपचा पोर्ट ठरवतो, मग मधली केबल, मग वीजपुरवठा, आणि सर्वांत शेवटी डॉक स्वतः. खरेदी करताना आणि बिघाड शोधताना हाच क्रम पाळला, तर बराच मनस्ताप वाचतो.

पोर्टच्या आकारावरून क्षमता गृहीत धरणे

ही सर्वांत मोठी चूक आहे आणि तिच्यासाठी वापरणाऱ्याला फारसा दोष देता येत नाही, कारण यूएसबी-सी हे नाव केवळ पोर्टच्या आकाराचे आहे. २०१४ मध्ये आलेल्या या लहान, लांबट गोल पोर्टमधून फक्त डेटा जाऊ शकतो, डेटा आणि चार्जिंग जाऊ शकते, त्यांच्यासोबत मॉनिटरचे चित्र जाऊ शकते किंवा थंडरबोल्टचा, म्हणजे याच आकाराच्या पोर्टवरील अधिक वेगवान जोडणीचा, संपूर्ण वेग मिळू शकतो. बाहेरून मात्र हे सगळे पोर्ट एकसारखेच दिसतात. एकाच लॅपटॉपवरचे शेजारशेजारचे दोन पोर्टसुद्धा वेगवेगळ्या क्षमतेचे असू शकतात. पोर्टजवळ विजेच्या बाणाचे चिन्ह असेल तर तो बहुधा थंडरबोल्ट असतो आणि डिस्प्लेपोर्टचे, म्हणजे मॉनिटर जोडण्याच्या एका पद्धतीचे, चिन्ह असेल तर त्यातून चित्र जाते; परंतु अनेक कंपन्या कोणतेच चिन्ह छापत नाहीत. अशा वेळी मॉडेल क्रमांक टाकून कंपनीच्या संकेतस्थळावरील तांत्रिक माहिती वाचणे हाच खात्रीचा मार्ग आहे. तेथे डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड (यूएसबी-सी पोर्टमधून मॉनिटरचे चित्र पाठवण्याची सोय), यूएसबी ४ किंवा थंडरबोल्ट यांपैकी काहीही लिहिलेले नसेल, तर त्या पोर्टवर साध्या डॉकमधून मॉनिटर चालणार नाही, मग डॉक कितीही महाग असो.

थंडरबोल्ट डॉकच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. थंडरबोल्ट ३ चे सुरुवातीचे अनेक डॉक साध्या यूएसबी-सी पोर्टवर मुळीच चालत नाहीत, तर नंतरचे बरेच डॉक अशा पोर्टवर कमी क्षमतेने का होईना, पण काम करतात. वापरलेला डॉक विकत घेताना हे आवर्जून विचारून घ्यावे.

मॉनिटरचे गणित न मांडता खरेदी करणे

खोक्यावर ‘४के’ आणि ‘दोन मॉनिटर’ असे दोन शब्द दिसले की दोन्ही मॉनिटर ४के (३८४० × २१६० ठिपक्यांचे चित्र) आणि ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत, चालतील असा समज होतो. येथे थोडे आकड्यांत शिरणे उपयोगाचे आहे. यूएसबी-सी केबलमध्ये वेगवान डेटासाठी चार मार्गिका असतात. डॉकवरील यूएसबी ३ चे पोर्टही चालू ठेवायचे असतील, तर साधा यूएसबी-सी डॉक त्यांतील दोन मार्गिका डेटासाठी आणि दोन चित्रासाठी वापरतो. लॅपटॉप डिस्प्लेपोर्ट १.२ चा असेल तर या दोन मार्गिकांतून चित्रासाठी सेकंदाला सुमारे ८.६ गिगाबिट एवढीच जागा मिळते. ४के चित्र ६० हर्ट्झवर दाखवायला मात्र साधारण १२.५ गिगाबिट लागतात. म्हणून मॉनिटर मुकाट्याने ३० हर्ट्झवर उतरतो आणि माउसचा बाण ओढल्यासारखा, जड वाटू लागतो. लॅपटॉप आणि डॉक हे दोघेही डिस्प्लेपोर्ट १.४ चे असतील तर ही जागा १२.९ गिगाबिटपर्यंत वाढते आणि एक ४के मॉनिटर ६० हर्ट्झवर कसाबसा बसतो. १०८० ओळींच्या दोन मॉनिटरना मात्र प्रत्येकी तीन-सव्वातीन गिगाबिट पुरतात, त्यामुळे ते जुन्या जोडणीवरही निवांत चालतात. ४० गिगाबिट क्षमतेच्या थंडरबोल्ट ३ आणि ४ मध्ये ही ओढाताण फारशी जाणवत नाही.

मॉनिटर नेमका किती हर्ट्झवर चालतो आहे हे विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले या वाटेने दिसते. तेथे ३० हर्ट्झ दिसत असेल तर डॉकवरील एचडीएमआय पोर्ट कोणत्या आवृत्तीचा आहे हेही तपासावे, कारण एचडीएमआय १.४ चा पोर्ट ४के चित्र ३० हर्ट्झच्या पुढे नेऊ शकत नाही; त्याच डॉकवर डिस्प्लेपोर्ट असेल तर मॉनिटर त्याला जोडून पाहावा. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी तयार केबल एकाच दिशेने चालते, ती उलटी लावली तर चित्र येत नाही, हे सांगितले गेले नाही तर सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

मॅकबुक वापरणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. साधे यूएसबी-सी डॉक एकाच जोडणीतून दोन मॉनिटर चालवण्यासाठी एमएसटी (मल्टी-स्ट्रीम ट्रान्सपोर्ट) ही पद्धत वापरतात. विंडोज तिचा उपयोग करून दोन्ही पडद्यांवर वेगवेगळे काम दाखवते. मॅकओएस मात्र अशा वेळी दोन्ही पडद्यांवर तेच चित्र दाखवते. शिवाय साध्या एम १ आणि एम २ चिपचे मॅकबुक मुळातच एकच बाहेरचा मॉनिटर चालवू शकतात. डिस्प्लेलिंक तंत्रज्ञानाचे डॉक ही मर्यादा ओलांडतात, कारण ते चित्राचा डेटा प्रोसेसरकरवी कॉम्प्रेस करून साध्या यूएसबी डेटासारखे पाठवतात. परंतु त्यासाठी वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो, मॅकवर त्याला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते, आणि प्रताधिकाराचे संरक्षण असलेले चित्रपट त्या पडद्यावर बहुधा काळेच दिसतात. कागदपत्रे आणि तक्ते यांच्या कामासाठी हा पर्याय मला चांगला वाटतो, गेम किंवा व्हिडिओ संपादनासाठी नाही.

हाताशी येईल ती केबल वापरणे

डॉकसोबत आलेली केबल आखूड वाटते म्हणून ती बाजूला ठेवून मोबाइल किंवा लॅपटॉपच्या चार्जरची लांब केबल लावली जाते, आणि तेथूनच अडचणींना सुरुवात होते. चार्जरसोबतच्या अनेक केबलमध्ये डेटासाठी केवळ यूएसबी २.० च्या, म्हणजे ४८० मेगाबिटच्या तारा असतात, आणि चित्रासाठी लागणाऱ्या मार्गिका त्यांत नसतातच. चार्जिंग व्यवस्थित होते, कीबोर्डही चालतो, म्हणून केबलवर संशय येत नाही. थंडरबोल्ट ३ ची अर्ध्या मीटरपेक्षा लांब साधी केबल ४० ऐवजी २० गिगाबिटवर उतरते, तर थंडरबोल्ट ४ च्या प्रमाणित केबल दोन मीटरपर्यंत पूर्ण वेग देतात. लांबी हवीच असेल तर क्षमता आणि वॅट स्पष्ट छापलेली प्रमाणित केबल घ्यावी; यूएसबी-सीची केबल वाढवणारे जोड मात्र टाळावेत.

अ‍ॅडॉप्टरवरचे वॅट म्हणजे लॅपटॉपला मिळणारे वॅट समजणे

डॉकच्या अ‍ॅडॉप्टरवर १३५ वॅट लिहिलेले असते, पण त्यातून डॉक स्वतः आणि त्याला जोडलेली उपकरणे चालतात आणि उरलेली वीज लॅपटॉपकडे जाते. लॅपटॉपला किती मिळणार हा आकडा डॉकच्या माहितीत वेगळा दिलेला असतो आणि तोच आपल्या लॅपटॉपच्या मूळ चार्जरशी ताडून पाहावा. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर नसलेल्या, चार्जर मध्ये जोडून घेणाऱ्या लहान हबमध्ये हे जास्त जाणवते: असे हब साधारण १० ते १५ वॅट स्वतःसाठी राखून ठेवतात, त्यामुळे ६५ वॅटचा चार्जर लावला तरी लॅपटॉपपर्यंत पन्नासच्या आसपासच पोहोचतात. हलक्या कामात तेवढे पुरतात, भारी काम सुरू झाले की बॅटरी उतरू लागते. साधी यूएसबी-सी केबल ६० वॅटपर्यंतच वीज वाहते, त्यापुढे पाच अँपिअरची केबल लागते, हेही ध्यानात ठेवावे. ग्राफिक्स कार्ड असलेल्या मोठ्या लॅपटॉपना बहुतेक डॉक पुरे पडत नाहीत. त्यांचा मूळ चार्जर डॉकसोबत लावून ठेवणे हेच बरे.

बिनतारी माउसचा रिसीव्हर डॉकच्या मागच्या पोर्टमध्ये खोचणे

यूएसबी ३ च्या जोडणीतून निघणारा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो आणि बिनतारी माउस व कीबोर्ड याच पट्ट्यात बोलतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लेख प्रसिद्ध केला होता. डॉकच्या मागे बाहेरची हार्ड डिस्क आणि तिच्या शेजारीच माउसचा रिसीव्हर असेल, तर फाइल कॉपी होत असताना बाण अडखळतो आणि कॉपी संपली की सुरळीत चालतो. ही खूण दिसली की माउस बदलण्याची गरज नाही. यूएसबी २.० ची छोटी एक्स्टेन्शन केबल घेऊन रिसीव्हर डॉकपासून वीत-दोन वीत दूर, माउसच्या समोर ठेवला की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर असेल तर त्याचा वेगही याच कारणाने पडू शकतो. शक्य असल्यास ५ गिगाहर्ट्झचे जाळे निवडावे किंवा डॉकच्या नेटवर्क पोर्टला वायर जोडावी. ऑफिसच्या नेटवर्कमध्ये केवळ नोंदवलेल्या मॅक अ‍ॅड्रेसना (नेटवर्क उपकरणाच्या ओळख क्रमांकांना) प्रवेश असेल, तर तेथे बहुधा डॉकचा पत्ता दिसतो, लॅपटॉपचा नाही. तेव्हा वायर लावूनही इंटरनेट आले नाही, तर आधी नेटवर्क सांभाळणाऱ्यांना हे सांगावे.

डिस्क इजेक्ट न करता केबल ओढणे

डॉकची सोय अशी की उठताना एक केबल काढली की झाले, आणि धोकाही त्यातच आहे. डॉकला हार्ड डिस्क जोडलेली असेल तर ती केबल काढणे म्हणजे डिस्क थेट उपटण्यासारखेच आहे. लिहिणे अर्धवट राहून फाइल, क्वचित पूर्ण डिस्कची मांडणी, बिघडू शकते. डॉक काढण्यापूर्वी डिस्क इजेक्ट करावी.

बिघाड शोधताना सगळे एकदम बदलणे

डॉक अचानक ओळखला जात नसेल, तर ड्रायव्हर, केबल आणि सेटिंग एकाच वेळी बदलू नयेत, कारण मग नेमके कशाने जमले किंवा बिघडले ते कळत नाही. आधी लॅपटॉप बंद करावा, डॉकची लॅपटॉपकडे जाणारी केबल काढावी, डॉकचा अ‍ॅडॉप्टर भिंतीतून काढून एखादे मिनिट थांबावे, जेणेकरून आतली उरलेली वीज निघून जाईल, आणि मग आधी डॉक व नंतर लॅपटॉप सुरू करावा. इतक्याने काम झाले नाही तर डॉकला फक्त केबल आणि एक मॉनिटर ठेवून पाहावे आणि बाकीची उपकरणे एकेक करून जोडावीत. अनेकदा एखादी सदोष पेन ड्राइव्ह किंवा वीज जास्त ओढणारी डिस्क पूर्ण डॉकला अडवून बसलेली असते.

लॅपटॉप झोपेतून उठल्यावरच उपकरणे गायब होत असतील, तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमधील यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वापरात नसलेली यूएसबी उपकरणे वीज वाचवण्यासाठी झोपवणारी सोय) बंद करून पाहावे. त्यानंतर लॅपटॉपचा बायोस, ग्राफिक्सचा ड्रायव्हर आणि डॉकचा फर्मवेअर (डॉकच्या आतच बसवलेले सॉफ्टवेअर) या क्रमाने अपडेट करावेत. फर्मवेअर चढत असताना पडदा काही वेळ काळा होतो, उपकरणे जातात-येतात. या वेळी घाबरून केबल काढली तर चांगला डॉक कायमचा निकामी होऊ शकतो. काही लॅपटॉपमध्ये नवीन थंडरबोल्ट उपकरणाला आधी मान्यता द्यावी लागते आणि ती देईपर्यंत डॉकमधून केवळ चार्जिंग होते, हेही तपासून घ्यावे.

डॉकच सदोष आहे असे म्हणण्यापूर्वी एक चाचणी करावी: ज्याच्या पोर्टची क्षमता कागदावर पक्की आहे असा दुसरा लॅपटॉप आणि डॉकसोबत आलेली मूळ केबल घेऊन तोच मॉनिटर त्याच पोर्टला जोडावा. तेथेही तीच तक्रार आली तर वॉरंटीचा अर्ज करावा आणि त्यात दोन्ही लॅपटॉपचे मॉडेल, डॉकच्या फर्मवेअरची आवृत्ती, केबल कोणती होती, मॉनिटर कोणत्या पोर्टला होता आणि नेमके काय बंद पडते हे लिहावे. एवढे लिहिले की सेवा केंद्राकडून परत-परत तेच प्राथमिक प्रश्न येत नाहीत.