मागचं चाक कुठून जाणार आहे?

सिग्नल लाल आहे. समोर एक लांब ट्रक उभा आहे आणि त्याच्या डाव्या अंगाला, फुटपाथलगत, सायकल सहज जाईल एवढी पट्टी मोकळी आहे. मी बावीस वर्षं सायकल चालवतेय. त्यातली पहिली नऊ वर्षं अशी पट्टी दिसली की मी न चुकता तिच्यातून पुढे जायचे. एके दिवशी अर्ध्यात पोहोचले असताना सिग्नल सुटला, ट्रक डावीकडे वळायला लागला आणि ती पट्टी माझ्या डोळ्यांदेखत अरुंद होत गेली. मी सायकल सोडून फुटपाथवर उडी मारली. सायकलचं पुढचं चाक आणि हँडल ट्रकच्या मागच्या चाकाखाली गेलं. चालकाला काही कळलंच नव्हतं. लोक ओरडले तेव्हा तो थांबला. खाली उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते.

म्हणून हे लिहितेय. डाव्या बाजूने वाहतूक चालते त्या रस्त्यांसाठी लिहितेय. जिथे उजवीकडून चालते तिथे डावं-उजवं उलटं करून वाचा.

माझा मावसभाऊ ट्रेलर चालवतो. त्या प्रसंगानंतर त्याने मला उभ्या गाडीत आपल्या जागेवर बसवलं, माझीच सायकल डाव्या दरवाज्याखाली, पुढच्या चाकाजवळ उभी केली आणि खालून विचारलं, "दिसतेय का?" नव्हती दिसत. आरशात गाडीची लांबलचक बाजू दिसत होती, मागचा रस्ता दिसत होता, सायकल कुठेच नव्हती. मग तो बंपरला चिकटून, सायकलवर असल्यासारखा वाकून उभा राहिला, तर तोही दिसेना. चालक उंचावर आणि उजव्या कडेला बसतो. डाव्या दरवाज्याचा पत्रा आणि समोरच्या काचेची खालची कड यांच्या आड केवढा तरी रस्ता झाकला जातो. लंडनमध्ये १२ टनांवरच्या ट्रकना याच कारणासाठी, केबिनमधून थेट किती दिसतं त्यावरून, शून्य ते पाच तारे देतात. ऑक्टोबर २०२४ पासून तिथे तीनपेक्षा कमी ताऱ्यांच्या गाडीला कॅमेरे, सेन्सर वगैरे जादा साधनं बसवल्याशिवाय फिरता येत नाही. तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या गाडीत यातलं काय आहे हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही. त्यामुळे काहीच नाही असं धरून चाला.

पण न दिसणं हे अर्धंच झालं. दुसरं अर्धं मागच्या चाकाचं आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत असतं.

घरी करून बघा. सायकलची दोन्ही चाकं ओली करा आणि कोरड्या जमिनीवर छोटं वळण घ्या. दोन ओल्या रेघा उमटतील. मागच्या चाकाची रेघ पुढच्या चाकाच्या रेघेच्या आतून, वळणाच्या पोटाकडून गेलेली दिसेल. सायकलची दोन चाकं साधारण एक मीटर अंतरावर असतात, त्यामुळे घट्ट वळणावरही हा फरक वीतभराचा. ट्रकच्या पुढच्या-मागच्या चाकांत सहा मीटर अंतर असेल आणि पुढची चाकं बारा मीटर त्रिज्येचं वळण घेत असतील, तर मागची चाकं दीड मीटरहून जास्त आतून जातात. ट्रेलर असला तर आणखी आतून. म्हणजे पुढचं चाक तुमच्यापासून लांबून गेलं, म्हणून मागचं लांबून जाईल असं मुळीच नाही. ती मोकळी पट्टी ही मागच्या चाकाची वाट असते, चाक अजून तिथे पोहोचलेलं नसतं इतकंच.

हे ठाऊक असल्यामुळेच लांब गाडीचा चालक डावीकडे वळण्याआधी गाडी थोडी उजवीकडे घेतो. मागचं चाक फुटपाथवर चढू नये म्हणून त्याला तसं करावंच लागतं. सायकलवाल्याला वाटतं, गाडी सरळ किंवा उजवीकडे चालली, डावीकडे जागा झाली. चौकाच्या तोंडाशी एखादी लांब गाडी उजवीकडे सरकताना दिसली, की ती डावीकडे वळणार असंच समजा. इंडिकेटर लागलेला असो वा नसो.

आता चौकात काय करायचं ते.

गाडी आधीच उभी आहे आणि तुम्ही मागून येताय, तर मागेच थांबा. शेजारी नाही, मागे. चालकाचे दोन्ही बाजूंचे आरसे तुम्हाला दिसतील इतकं अंतर ठेवून. आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. चेहरा दिसला म्हणजे त्याने पाहिलं असं मात्र नाही. तो त्या क्षणी दुसऱ्या आरशात बघत असू शकतो. घाई असेल, उशीर झाला असेल, तरी मागेच. सिग्नल किती वेळाने सुटेल हे तुम्हाला माहीत नसतं, आणि सुटलाच तर तुम्ही नेमके कुठे असाल तेही नाही.

काही चौकांत सायकलींसाठी थांबारेषेच्या पुढे वेगळा चौकोन आखलेला असतो. तिथवर नेणारी पट्टी बहुतेक वेळा डावीकडूनच असते. चौकोन आखलाय म्हणून तिथे पोहोचलंच पाहिजे असं नाही. रांगेत पुढे जड गाडी असेल तर मी त्या पट्टीत शिरत नाही. तुम्ही आधी पोहोचलात तर चौकोनाच्या मध्यावर उभे राहा, गाडीच्या नाकापासून जमेल तितके पुढे, आणि मागे वळून चालकाकडे बघा.

तुम्ही आधी उभे आहात आणि गाडी मागून येऊन शेजारी लागली, हा प्रसंग जास्त अवघड आहे, कारण यात तुमची काहीच चूक नसते. फुटपाथला चिकटून उभं राहण्याची सवय सोडली तर तो पुष्कळदा टळतो. लेनच्या मध्याजवळ उभे राहा, म्हणजे गाडीला तुमच्या मागेच थांबावं लागेल. मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू द्या. तरीही कुणी शेजारी येऊन उभं राहिलंच, तर सायकलवरून उतरा, ती उचलून फुटपाथवर घ्या आणि गाडी जाऊ द्या. मी आजही आठवड्यातून एकदा तरी असं उतरते.

सगळ्यात फसवा प्रसंग चालत्या रस्त्यावरचा. तुम्ही सरळ चाललाय, गाडी तुम्हाला ओव्हरटेक करते आणि लगेच पुढच्या वळणावर डावीकडे वळते. बारा मीटरची गाडी वळताना ताशी दहा किलोमीटर वेगाने जात असली, तरी तिचं नाक ते शेपूट तुमच्यासमोरून जायला चार-साडेचार सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तुमची सायकल तिच्या कुशीत शिरलेली असते. म्हणून चौक पन्नास मीटरवर आला की मागे वळून बघायचं. जड गाडी येत असेल तर आधीच लेनच्या मधोमध या, नाहीतर वेग कमी करून तिला पूर्ण पुढे जाऊ द्या. दोन्हींपैकी काय करायचं हे आधी ठरवा. गाडी बरोबरीला आल्यावर ठरवायला वेळ उरत नाही. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये जानेवारी २०२२ पासून स्पष्ट लिहिलंय की वळणाऱ्या गाडीने सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराला आडवं जाऊ नये. असा नियम हवाच, सगळीकडे हवा. पण ज्याला तुम्ही दिसतच नाही, त्याला तो नियम पाळता येत नाही.

उजवीकडे वळायचं असेल आणि जड गाड्यांची रहदारी असेल, तर मी मध्ये जाऊन थांबतच नाही. चौक सरळ ओलांडते, पलीकडे उतरते, आणि पायी रस्ता पार करते. गोल चौकातही जड गाडीच्या बरोबरीने चालू नका, पुढे जा नाहीतर मागे राहा. दोन मोठ्या गाड्यांच्या मध्ये कधीच नाही.

कान उघडे ठेवा. इयरफोन घालून चौकात शिरू नका. उभ्या जड गाडीतून अचानक हवा सुटल्यासारखा फुस्स आवाज आला तर तो ब्रेक सुटल्याचा असू शकतो, म्हणजे गाडी निघतेय असं समजा. दिवा, रिफ्लेक्टर, उजळ कपडे हे हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण दरवाज्याच्या पत्र्याआड असलेला सायकलस्वार कितीही झगझगीत असला तरी दिसत नाही, म्हणून कपड्यांच्या भरवशावर जागा निवडू नका.

आणि सापडलातच, गाडी वळतेय आणि पट्टी आवळत चाललीय हे लक्षात आलं, तर पुढे निसटायचा प्रयत्न करू नका. ब्रेक दाबा, आणि गाडीच्या विरुद्ध बाजूला, फुटपाथकडे, उतरा किंवा पडा. हँडल सोडा. पत्र्यावर थाप मारता आली तर मारा, मोठ्याने ओरडा, पण त्यासाठी थांबू नका. माझ्या वेळी सायकल धरून ठेवायचा मोह क्षणभर झाला होता. अजून तो क्षण अंगावर येतो.

गाडी वळून गेली तरी लगेच निघू नका. ट्रेलर असेल तर मी चाकं मोजते. शेवटची जोडी माझ्यासमोरून जाऊन रस्त्याला लागली, की मागे वळून दुसरी गाडी नाही ना ते बघते, आणि मगच पॅडलवर पाय ठेवते.