विगवाल्याकडून तिकीट घेऊ नका, आणि व्हिएन्नाच्या ऑपेराबद्दल बाकीचं

मे महिन्यात अमळनेरला आले की दुपारी कोणी ना कोणी ओट्यावर येऊन बसतंच. बाहेर पंचेचाळीस अंश, आत कूलरची घरघर, आणि प्रश्न ठरलेले. व्हिएन्नाला घर मिळतं का, डाळ मिळते का, थंडी सोसवते का. यंदा ओळखीतली तीन मुलं निघाली आहेत, एक धुळ्याची मुलगी आणि दोघं चोपड्याचे. डाळ मिळते, थंडी सोसवते, घर मिळत नाही. या तिन्हींवर सांगणारे पुष्कळ आहेत. ऑपेरा म्हणजे गाऊन केलेलं नाटक, आणि ते जिथे होतं ते स्टेट ऑपेराचं नाट्यगृहही. त्याबद्दल कोणी विचारत नाही, आणि पहिल्या दोन महिन्यांत नेमके तिथेच फसतात. आम्ही फसलो, आमच्यानंतर आलेले फसले, गेल्या वर्षी भुसावळचं एक जोडपं फसलं. म्हणून लिहून ठेवते.

आधी विगवाले. ऑपेराच्या आसपास आणि श्टेफान चर्चच्या चौकात पांढरे विग आणि जरीचे लांब कोट घातलेली पोरं उभी असतात. जुना संगीतकार मोझार्ट व्हायचा प्रयत्न असतो. हातात फाइल, फाइलमध्ये झुंबरांचे फोटो, आणि आपला चेहरा दिसला की "नमस्ते इंडिया!" स्टेट ऑपेराच्या रोजच्या प्रयोगांची तिकिटं ही पोरं विकत नाहीत. त्यांच्याकडे असतात ती पर्यटकांसाठीच्या मैफलींची.

आम्हाला हे कसं कळलं ते सांगते. २००९ चा ऑक्टोबर, येऊन तीन आठवडे झालेले, यांचा पहिला पगार हातात. विगवाल्याने मागच्या भव्य इमारतीकडे हात केला, आम्ही मान डोलावली आणि दोघांचे मिळून एकशे अठरा युरो मोजले. त्या वेळच्या भावाने आठ हजार रुपये. संध्याकाळी मी लग्नातला शालू नेसून ऑपेराच्या दारात उभी. दारावरच्या माणसाने तिकीट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथल्या एका दालनात घडीच्या खुर्च्या, दहा-बारा वादक, दोन गायक आणि दीड तास निवडक तुकडे. गाणं वाईट नव्हतं. पण हे शेवटपर्यंत सदुसष्टने गुणाकार करत बसले होते, आणि परतताना ट्राममध्ये आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तिकीट घ्यायचं ते ऑपेराच्या स्वतःच्या खिडकीवर किंवा त्यांच्याच संकेतस्थळावर. विगवाल्याने कितीही गोड हसून सांगितलं तरी नाही. तो मराठी बोलला तरी नाही.

आमच्या मजल्यावर एक मल्याळी बाई राहायच्या, त्यांना मी चेची, म्हणजे ताई, म्हणायची. १९७० च्या दशकात व्हिएन्नाने केरळहून नर्सेस बोलावल्या, त्यांतल्या त्या. माझी कथा ऐकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी चालायचे बूट घाल, एक मफलर घे आणि पाच युरो सुटे घे." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चार युरोंत खरा ऑपेरा दाखवला. उभ्याने.

या जागेला तिथे 'श्टेहप्लात्स' म्हणतात, म्हणजे उभं राहायची जागा. ऑपेरात खुर्च्या सतराशेच्या वर, चांगल्या खुर्चीला दोनशे युरोच्या पुढे मोजावे लागतात. त्यांच्याखेरीज काही शे जागा उभ्याने पाहायच्या, अगदी स्वस्त. माझ्या वेळी खाली चार युरो आणि वरच्या मजल्यांवर तीन. आता भाव वाढलाय, दहाच्या पुढे गेलाय, तरी दोन पिझ्झांपेक्षा कमीच. तिकिटं त्याच दिवशी मिळतात. आम्ही ऑपेर्नगासे नावाच्या बाजूच्या रस्त्यावरच्या दारापाशी रांग लावायचो आणि प्रयोगाच्या ऐंशी मिनिटं आधी खिडकी उघडायची. आता ऑनलाइनही मिळतात, त्यामुळे रांगेतली ओळखपाळख कमी झाली. मला ती रांग आवडायची. चाळीस वर्षं रोज येणारे म्हातारे तिथे भेटायचे, आजचा गायक गेल्या मंगळवारी कुठे चुकला ते सांगायचे.

जागा तीन ठिकाणी असतात. तळमजल्यावर मधल्या मोठ्या बॉक्सच्या खाली, म्हणजे पूर्वी बादशहा बसायचा त्याच्या पायाशी, ती पहिली निवड. समोर अख्खा रंगमंच. ती गेली तर सगळ्यात वर गॅलरीत मधोमध. आवाज वर फार सुंदर पोचतो, माणसं मात्र मुंगीएवढी दिसतात. कडेच्या जागा घेऊ नका, अर्धा रंगमंच भिंत खाते. घेतलीच तर तक्रार करू नका.

आता मुख्य गोष्ट. आत गेल्यावर आपली जागा निवडायची आणि समोरच्या कठड्याला मफलर बांधायचा. बांधला की जागा तुमची. मग खुशाल बाहेर जा, पाणी प्या, जिना बघा, कोणी हात लावणार नाही. चेचींनी हे सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. जळगाव-धुळे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत मोठी झालेली मी, मला हे कोणी शिकवायचं? फरक एवढाच की इथे रुमाल काढून बाहेर फेकणारा कोणी नसतो. आपल्यातले काही हुशार एकट्याने येऊन सहा मफलर बांधतात. असं करू नका. एका माणसाला एक जागा. व्हिएन्नाची माणसं तोंडावर भांडत नाहीत, पण नियम मोडणाऱ्याकडे ज्या नजरेने बघतात, त्यापेक्षा दोन शिव्या परवडतात.

तीन तास उभं राहवेल का, असं विचारू नका. सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरी नदीच्या वाळवंटात रात्र काढलेली माणसं आपण, सारंगखेड्याला घोड्यांच्या बाजारात दिवसभर फिरणारी. बूट चांगले हवेत, बस्स.

कोट, जॅकेट, पाठीवरची बॅग गार्डरोबेत, म्हणजे सामान ठेवायच्या खिडकीवर, द्यावीच लागते.

कपड्यांचा बाऊ आपल्याकडचे फार करतात. खुर्चीवाले सूट घालून येतात, उभ्या जागेत विद्यार्थी जीन्समध्ये असतात. हाफ चड्डी आणि सपाता तेवढ्या नकोत. साडी नेसलीत तर उत्तम, म्हाताऱ्या बायका हटकून जवळ येऊन पदराला हात लावून बघतात. हिवाळ्यात आतून थर्मल घाला, दिसत नाही.

वेळ पाळा. दार बंद झालं की बंद. उशीर झाला तर बाहेरच्या पडद्यावर बघत मध्यंतराची वाट पाहायची. 'साडेसातचं नाटक आठला सुरू होईल' ही सवय विमानतळावरच सोडून या.

भाषा कळत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. प्रत्येक जागेसमोर, उभ्यांच्या कठड्यावरसुद्धा, छोटा पडदा असतो. त्यावर इंग्रजीत ओळी येतात. तरी मी म्हणते, कथा घरून वाचून या. सारखं खाली वाचत राहिलं की गाणं निसटतं.

पहिल्यांदा काय बघावं? पुच्चिनी या इटालियन संगीतकाराचं 'तोस्का' किंवा 'ला बोहेम', यांतलं काहीही. ऑपेरा रोज वेगळा असतो, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांचं वेळापत्रक बघून ठरवा. 'तोस्का'ची तिथली मांडणी दिग्दर्शिका मार्गारेटे वालमान यांची, १९५८ सालची, आणि अजून तीच चालते. 'बोहेम'ची मांडणी दिग्दर्शक झेफिरेल्लींची, १९६३ पासूनची. नेपथ्यात चर्च चर्चसारखं आणि किल्ला किल्ल्यासारखा दिसतो. हल्लीच्या काही प्रयोगांत राजा ऑफिसच्या खुर्चीत बसलेला असतो, ते नंतर बघा. थंडीत कुडकुडणारी, भाडं थकवलेली पोरं 'बोहेम'मध्ये आहेत, पहिल्या वर्षी तुम्हाला कथा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. जर्मन संगीतकार वाग्नर पहिल्या वर्षी नकोच. पाच पाच तास चालतो. आमच्यातल्या एका डॉक्टरसाहेबांनी बायकोला लग्नाच्या वाढदिवसाला त्याच्या 'पार्सिफाल'ला नेलं, पहिल्या अंकानंतर एकट्यानेच जोरात टाळ्या वाजवल्या आणि सगळं नाट्यगृह वळून बघायला लागलं. तिथे त्या अंकानंतर टाळ्या न वाजवण्याचा जुना रिवाज आहे.

बाकी प्रयोगांत टाळ्या वाजवा, पण स्वर पूर्ण थांबल्यावर. जळगावला दर जानेवारीत बालगंधर्व महोत्सव होतो, तिथे आपण तान चालू असतानाच "वा!" म्हणतो, मान डोलावतो, मांडीवर ताल धरतो. इथे हे सगळं तोंडात धरून ठेवायचं. सगळ्यात जड मला हेच गेलं. दाद द्यायची तर शेवटी, गायकाला 'ब्राव्हो', गायिकेला 'ब्राव्हा'. वन्स मोअर जवळजवळ नाहीच. २०१६ मध्ये 'तोस्का'त नायक झालेल्या योनास काउफमान या गायकाला लोकांनी इतक्या टाळ्या दिल्या की त्याने तिसऱ्या अंकातलं गाणं पुन्हा म्हटलं, आणि नंतर नायिका वेळेवर रंगमंचावर आलीच नाही. वाद्यवृंद थांबला, आणि त्याने गातच सांगितलं की आमच्याकडे सोप्रानो, म्हणजे उंच स्वराची गायिका, नाही.

खोकल्यासाठी गोळी नको, लवंग न्या. त्या शांततेत गोळीचा कागद फटाक्यासारखा वाजतो.

आईला २०१४ च्या मे महिन्यात नेलं होतं. आई-वडिलांना बोलवायचं तर मे-जूनमध्येच बोलवा. इकडच्या उन्हातून सुटतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरा बंद असतो. तेव्हा पैसे खर्चून आणलेले सासू-सासरे बंद दाराचे फोटो काढून जातात, आणि कंटाळून विगवाल्याकडे वळतात. पुन्हा सांगते, विगवाल्याकडे वळू देऊ नका. ज्यांना उभं राहवत नाही त्यांच्यासाठी एप्रिल, मे, जून आणि सप्टेंबरमध्ये बाजूच्या कारायान चौकात मोठ्या पडद्यावर आतला प्रयोग थेट दाखवतात, फुकट. तिथे दशम्या आणि मिरचीचा ठेचा घेऊन बसलात तरी कोणी काही म्हणत नाही.

आईला मात्र मी आत नेलं. दुसऱ्या अंकात तोस्काने त्या हलकट पोलिस अधिकाऱ्याला सुरी खुपसली आणि आई मोठ्याने म्हणाली, "बरं झाय!" पुढच्या बाईंनी मान वळवली. आईला वाटलं, त्यांनाही पटलंय, म्हणून तिने मान हलवून दुजोरा दिला.

मध्यंतरातलं खाणं महाग असतं. आधीच बुर्गगार्टन नावाच्या बागेत, मोझार्टच्या पुतळ्याजवळच्या बाकावर, डबा संपवून घ्या. प्रयोगानंतर भूक लागली की जवळच आल्बर्टिना संग्रहालयासमोर सॉसेजची टपरी आहे, आणि बिनमांसाचं खाणाऱ्यांसाठी ही माझी दुसरी लाल पाटी. 'केझेक्रायनर'मध्ये केझे म्हणजे चीज असलं तरी ते डुकराच्या मांसाचं सॉसेज आहे, चीज आत भरलेलं. आमच्याकडच्या एका कट्टर वारकऱ्याने चीज पकोडा समजून दोन खाल्ले. त्याला आम्ही अजून सांगितलेलं नाही.

इमारत बघायला मध्यंतर पुरतं. मोठा जिना आणि त्यालगतची दालनं मूळची, १८६९ ची. १२ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात प्रेक्षागृह आणि रंगमंच जळाला, तेव्हा समोरचा भाग तेवढा वाचला. बाकीचं नव्याने बांधून ५ नोव्हेंबर १९५५ ला बेथोव्हनच्या 'फिडेलियो'ने पुन्हा उघडलं. ज्यांनी मुळात बांधलं त्या दोन वास्तुविशारदांचं मला वाईट वाटतं. काम सुरू झाल्यावर समोरचा रस्ताच मीटरभर उंच केला गेला, इमारत खचल्यासारखी दिसायला लागली, लोकांनी 'बुडालेली पेटी' म्हणून चिडवलं. फान देर न्युलने गळफास घेतला, काही आठवड्यांत दुसरा, सिकार्ड्सबुर्ग, आजाराने गेला. उद्घाटन दोघांनीही पाहिलं नाही. म्हणतात की टीका करणाऱ्यांत बादशहा फ्रान्त्स योझेफही होता, आणि त्यानंतर तो कुठेही गेला तरी एकच बोलायचा, फार सुंदर होतं, मला फार आनंद झाला. तोंडावर टीका न करण्याची व्हिएन्नाची सवय तिथूनच आली असावी. पाठीमागे मात्र ते आपल्या पारावरच्या मंडळींनाही हरवतील.

आपल्या लोकांबद्दलही एक सांगते. काही जण वर्षातून एकदा महागडं तिकीट काढतात, जिन्यावर चाळीस फोटो काढतात आणि मध्यंतरात घरी जातात. काही जण न ऐकताच म्हणतात, आपल्या रागदारीपुढे हे काय आरडाओरडा. मीही पहिल्या महिन्यात हेच म्हटलं होतं. पण तिथे माइक नसतो. समोर सत्तर-ऐंशी वादक, ज्यांतले कित्येक व्हिएन्ना फिलहार्मोनिक या नावाजलेल्या वाद्यवृंदाचे, आणि त्यांच्यावरून एका बाईचा हलका स्वर गॅलरीच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचतो. हे एकदा कठड्याला टेकून ऐका, मग काय ते म्हणा.

मफलरचं राहिलं. तिथे सगळ्यांचे मफलर काळे किंवा राखाडी, अंधारात आपला कुठला ते कळत नाही. मी वडिलांचा पांढरा बागायती रुमाल नेते, केळीच्या बागेत खांद्यावर टाकायचे तो. लांबून दिसतो, गाठ घट्ट बसते. तुम्हीही निघताना घरून एक घेऊन या. आणि तळमजल्याच्या डाव्या कठड्यावर आधीच एखादा बांधलेला दिसला तर सोडू नका, तो माझा असेल.