इंजिनिअर होऊन फौजेत जायचंय?

इंदूरच्या टिळकनगरातली पोरं एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला पोचली की माझ्याकडे येतात. आधी विचारतात, "काका, पॅकेज किती?" लेफ्टनंटचा मूळ पगार 56,100, वर 15,500 मिलिटरी सर्व्हिस पे आणि भत्ते. हे झालं की मग खरं बोलणं सुरू होतं.

वाटा तीन. बारावीनंतरची टेक्निकल एंट्री: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये 60 टक्के आणि जेईई मेन दिलेली असली पाहिजे. डिग्रीनंतर टीजीसी (टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स), म्हणजे डेहराडूनची आयएमए ही लष्करी अकादमी आणि कायमचं कमिशन. किंवा शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक वर्षांचं कमिशन. या दोन्हींसाठी वय 20 ते 27, आणि शॉर्ट सर्व्हिसची वाट मुलींनाही खुली आहे. बारावीनंतरच्या एनडीएतून येऊन इंजिनिअर्स कोअर (फौजेची इंजिनिअरिंगची शाखा) मिळालेल्यांना फौज पुढे पुण्याच्या सीएमई या लष्करी इंजिनिअरिंग कॉलेजात पूर्ण पगारावर डिग्री करायला पाठवते, हे बहुतेक पालकांना ठाऊकच नसतं.

इंदूरकरांना महूमुळे फौज ओळखीची वाटते. छावणी जेमतेम पंचवीस किलोमीटरवर. (ती वसली 1818 मध्ये, मंदसौरच्या तहानंतर, म्हणजे होळकर इंग्रजांकडून हरले म्हणून. रविवारी तिकडून पाताळपाणीच्या धबधब्याला जाताना हे कुणाच्या डोक्यात येत नाही.) तिथलं एमसीटीई हे ट्रेनिंग कॉलेज म्हणजे सिग्नल्सचं, फौजेच्या संदेशवहन शाखेचं, घर. सिव्हिलवाला बहुधा इंजिनिअर्सकडे, मेकॅनिकलवाला ईएमईकडे (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी कोअर), इलेक्ट्रॉनिक्सवाला सिग्नल्सकडे जातो, पण 'बहुधा'च. कोअर वाटताना तुमची पसंती बघतात, तशी फौजेची गरजही बघतात.

मग एसएसबीचे, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या बोर्डापुढचे, पाच दिवस. भोपाळचं सेंटर आपल्याला जवळचं. क्लासवाले चित्रावरून लिहायच्या गोष्टी घोटून घेतात, त्याचा मला राग येतो. सायकॉलॉजिस्टने तीच गोष्ट त्या आठवड्यात पन्नासदा वाचलेली असते. इंजिनिअर पोरांची खरी गंमत ग्राउंडवर दिसते. फळी, बल्ली, दोरी देतात आणि मधल्या जमिनीला हात न लावता सामानासकट पलीकडे जा म्हणतात. आपला हुशार पोरगा "कॅन्टिलिव्हर करू", म्हणजे फळीचं एक टोक दाबून दुसरं हवेत पुढे काढू, म्हणून पाच मिनिटं समजावत राहतो. ते बरोबरच असतं. पण तोवर दुसऱ्याच कुणीतरी फळीच्या मागच्या टोकावर सगळ्यात वजनदार गड्याला बसवून काम सुरू केलेलं असतं. जीटीओची, म्हणजे ग्राउंडवर परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्याची, नजर त्याच्यावर.

पुढे नोकरीतही हेच मोठ्या आकारात येतं. बेली पूल म्हणजे तयार पोलादी पॅनेल जोडून उभा करायचा पूल. त्याचं एक पॅनेल दहा फुटी, वजन अडीचशे किलोच्या वर. सहा जण मिळून उचलतात. पूल अलीकडच्या काठावर रोलर्सवर जोडायचा, पुढे हलकं नाक लावायचं आणि अख्खा सांगाडा हवेत ढकलत न्यायचा. मागचं वजन पुढच्यापेक्षा सतत जास्त राहायला हवं, नाहीतर पूल नाकावर आपटलाच. यातलं गणित सेकंड इयरच्या मेकॅनिक्सचं आहे. अवघड आहे ते रात्री, पावसात, दमलेल्या जवानांना एका हाकेवर एकत्र ढकलायला लावणं. वायनाडच्या चूरलमला इथे 2024 मध्ये मद्रास सॅपर्सनी (सॅपर म्हणजे इंजिनिअर्स कोअरचा माणूस) 190 फुटी बेली पूल उभा केला, तेव्हा त्या कामावर आपल्या नगर जिल्ह्यातल्या मेजर सीता शेळके होत्या. बातम्यांत पूल दिसला. मला त्या फोटोंमध्ये पॅनेल खांद्यावर घेतलेली माणसं बघावीशी वाटली.

तुम्ही युनिटमध्ये पोचाल तेव्हा तिथल्या सुभेदार साहेबांनी असे पूल तुमच्या वयाइतकी वर्षं बांधलेले असतील. हुकूम तुमचा, अनुभव त्यांचा. "साहेब, तुम्ही कसं कराल?" असं पहिल्या आठवड्यात विचारून टाका, इज्जत जात नाही, उलट वाढते. जवानांची नावं, गावं, कुणाची बायको बाळंतपणाला माहेरी गेलीये, हे पाठ असू द्या. सुट्टीच्या अर्जावर सही करताना ते लागतं.

डिझाइनच करायचं असेल, ऑटोकॅडसमोर बसून मान मोडेपर्यंत, तर फौजेत येऊ नका. सुरुवातीची वर्षं पीटी, स्टोअर, गाड्यांची देखभाल, सुरुंगांचं ट्रेनिंग यांत जातात. पुढे एमईएस या फौजेच्या बांधकाम खात्यात इमारती, बॉर्डर रोड्समध्ये रस्ते, निवड झाली तर आयआयटीत एम.टेक. असं सगळं मिळतं, पण हवं तेव्हा नाही. आणि सॅपर रस्ता करतो म्हणजे काय, ते रामा राघोबा राणे यांच्याकडे बघा. एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी वाटेवर त्यांनी गोळीबारात सुरुंग आणि अडथळे काढत रणगाड्यांना वाट करून दिली. परमवीरचक्र मिळालं, तेव्हा ते सेकंड लेफ्टनंट होते.

बढतीचं सांगतो. दोन वर्षांत कॅप्टन, सहाव्या वर्षी मेजर, तेराव्या वर्षी लेफ्टनंट कर्नल. इथवर वेळेवर मिळतं. कर्नलला निवड लागते आणि तिथे बरेच चांगले अधिकारी मागे राहतात. शॉर्ट सर्व्हिस दहा वर्षांची, वाढवून चौदा. त्यात पेन्शन नाही. फॉर्म भरण्याआधी हे घरी, विशेषतः आजीला, सांगून ठेवा.