रोहूचं रक्त कसं काढायचं, तळ्यातला आणि तलावातला कम्पेअर करताना

पवई तलावातला रोहू आणि पनवेलकडच्या तळ्यात वाढवलेला रोहू कम्पेअर करायचाय ना, मग साइज आणि सीझन सेम ठेवा, नाहीतर फरक कशामुळे आला तेच कळणार नाही. मासा पकडल्यावर धडपडू देऊ नका, टेन्शनने ग्लुकोज चढतं, लवंग तेलाच्या पाण्यात शांत होऊ द्या मग ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) आतून फिरवलेल्या सिरिंजने शेपटीच्या खालच्या बाजूने, मणक्याखालच्या शिरेतून हळूच ओढा, जोरात ओढलं की पेशी फुटतात. आणि प्लीज, माणसांच्या लॅबमधल्या मशीनवर टाकू नका, माशाच्या लाल पेशीत न्यूक्लियस असतो, मशीन गंडतं, काउंटिंग चेंबरमध्ये (मायक्रोस्कोपखाली पेशी मोजायची, चौकटी आखलेली काच) हातानेच मोजा. पाण्याचं टेम्परेचर आणि ऑक्सिजन तिथेच लिहून घ्या, ऑक्सिजन कमी असेल तर हिमोग्लोबिन वाढलेलं दिसू शकतं.