गायक नाही, मग गिटारनेच गायचं

घरच्या घरी, गायकाविना, इलेक्ट्रिक गिटारचं गाणं रेकॉर्ड करायचंय? आधी पंखा बंद करा. डोंबिवलीतल्या माझ्या खोलीत रेकॉर्डिंगच्या पहिल्या तीन टेकमध्ये (प्रयत्नांत) त्याचीच घरघर होती.

शुअर एसएम५७ हा माइक गिटारच्या अॅम्पच्या (आवाज मोठा करणाऱ्या स्पीकर-पेटीच्या) जाळीपासून दोन बोटांवर ठेवा, पण स्पीकरच्या बरोब्बर मधोमध नको. तिथे आवाज टोचतो. कडेकडे सरकवाल तसा मऊ होतो. हेडफोन लावून बोटभर-बोटभर सरकवत मी अर्धा तास घालवतो. नंतर इक्यूशी (जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमी-जास्त करण्याशी) झटापट वाचते. अॅम्पचा गेन, म्हणजे आवाजाचा खरखरीतपणा, मात्र नेहमीपेक्षा कमी. रेकॉर्डिंग २४ बिटवर, आवाजाच्या मीटरची टोकं -१२ डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास.

रिदम, म्हणजे साथीची गिटार, दोनदा वाजवा, एक पूर्ण डावीकडे, एक उजवीकडे. आळशीपणाने तोच ट्रॅक कॉपी केलात तर आवाज मधेच राहतो. रुंदी येते ती दोन वाजवण्यांतल्या बारीक फरकांमुळे. गायकाची मधली जागा लीडची, म्हणजे मुख्य धून वाजवणाऱ्या गिटारची. रिदमला २ किलोहर्ट्झजवळ दोन-तीन डीबी कमी केले की लीड आपसूक पुढे येते. ८० हर्ट्झखालचंही कापा: जाड ई तारच ८२ हर्ट्झला सुरू होते, खालची जागा बेस गिटार आणि किकची (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमची).

रिव्हर्ब (आवाजाची घुमण)? चिमूटभर, शेवटी.

आणि मिक्स, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवणं, रात्रीच संपवू नका. सकाळी अगदी हळू आवाजात लावा. लीड ऐकू येत नसेल तर रिदम खाली घ्या.